धुतल्याशिवाय थर बसत नाही

मी रावेतला राहते आणि भोसरीच्या एमआयडीसीत एका कोटिंगच्या कारखान्यात क्वालिटी बघते. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेटलर्जीचा डिप्लोमा केला, तेव्हा आपली नोकरी एखाद्या फाउंड्रीत भट्टीपाशी जाणार असं वाटलं होतं. गेली ती व्हॅक्युम चेंबरपाशी. कारखाना म्हणजे दोन गाळे जोडून केलेली शेड. एका अंगाला धुलाईची लाइन, दुसऱ्या अंगाला चेंबर, आणि मधल्या काचेच्या खोलीत माझा मायक्रोस्कोप, हार्डनेस टेस्टर आणि रजिस्टरं.

आमचं मूळ काम गाड्यांच्या धंद्याचं. भोसरीपासून चाकणपर्यंत जिथे प्रेस आहे तिथे पंच आणि डाय आहेत, जिथे सीएनसी आहे तिथे ड्रिल, टॅप आणि एंडमिल. ही हत्यारं झिजतात, म्हणून त्यांच्यावर टायटॅनियम नायट्राइडचा थर चढवायचा. रंग सोनेरी, जाडी दोन-तीन मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन-तीन भाग. एवढ्या पातळ थराने पंचाचं आयुष्य कितीतरी वाढतं. भोसरीत ओर्लिकॉन बाल्झर्ससारखी जगभर पसरलेली कंपनीही हेच काम करते. आमच्यासारखे छोटे लोक ज्यांना लहान लॉट लवकर हवा असतो त्यांच्या जॉबवर्कवर जगतात.

२०१९ मध्ये गाड्यांचा खप घसरला आणि पट्ट्यातल्या कंपन्यांनी ‘ब्लॉक क्लोजर’, म्हणजे काही दिवस कारखाना बंद ठेवणं, सुरू केलं. चेंबर अर्धा रिकामा फिरू लागला. पाठोपाठ मार्च २०२० चा लॉकडाऊन. त्याच सुमारास वैद्यकीय उपकरणांचा कायदा घट्ट होत होता. ‘मेडिकल डिव्हायसेस रूल्स’ २०१७ चे; ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून झाडून सगळी वैद्यकीय उपकरणं त्यांच्या कक्षेत आली आणि ऑक्टोबर २०२२ पासून कमी जोखमीच्या ए आणि बी वर्गांनाही परवाना सक्तीचा झाला. साध्या चिमट्या-कात्र्या ए वर्गात मोडतात; निर्जंतुक न करता विकल्या तर त्यांना परवान्यातून सूट आहे, पण नोंदणी करावीच लागते. तोवर त्या बनवणारे कारखानदार कोटिंग कुठूनही करून घेत. आता त्यांना कागद देणारा जॉबवर्कवाला हवा होता. आमच्या मालकांनी ही संधी हेरली. म्हणाले, “मॅडम, लोखंड तेच, थर तोच. फक्त गिऱ्हाईक डॉक्टर.”

पहिल्या काही लॉटांतच कळलं, की यातलं एकही वाक्य खरं नाही.

आधी लोखंडाचं सांगते. पंच-डायचं पोलाद टूल स्टीलच्या जातीचं असतं. त्याला पाणी द्यायची, म्हणजे हार्डनिंग-टेम्परिंगची पद्धत अशी असते, की चेंबरमधलं चारशे-साडेचारशे अंशांचं तापमान ते मुकाट सोसतं. सर्जरीची धार असलेली हत्यारं, म्हणजे कात्री, ऑस्टिओटोम (हाडाची छिन्नी), रीमर (हाडातलं भोक रुंद करणारं हत्यार), ही बहुधा ४२० किंवा ४४० जातीच्या स्टेनलेसची. ४२० मध्ये क्रोमियम जेमतेम बारा-चौदा टक्के. ते कडक करून झाल्यावर साधारण दोनशे अंशांच्या आसपास टेम्पर करतात, कारण तिथे कडकपणाही टिकतो आणि गंजाला विरोधही. तेच हत्यार साडेचारशेला काही तास ठेवलं, की दोन्ही जातं. कडकपणा उतरतो आणि क्रोमियम कार्बनशी संधान बांधून बसल्यामुळे गंज रोखायला मोकळं उरत नाही.

एका ग्राहकाने रीमरचा लॉट पाठवला. चलानावर फक्त ‘एसएस, टीआयएन, गोल्ड’ एवढंच, म्हणजे स्टेनलेस, टायटॅनियम नायट्राइड, सोनेरी. मी फोन करून टेम्परिंग विचारलं. पलीकडचे म्हणाले, “ते हीट ट्रीटमेंटवाल्याला माहीत. तुम्ही कलर मॅच करा.” मी लॉट बाजूला ठेवला आणि एक नग त्यांच्या परवानगीने नेहमीच्या तापमानाला फिरवून घेतला. बाहेर आला तेव्हा दिसायला इतका देखणा होता, की मालकांनी उचलून खिडकीपाशी नेऊन पाहिला. रॉकवेलला, म्हणजे हार्डनेस टेस्टरला, लावला तर पन्नासच्या वरचा आकडा चाळिशीत आला होता. वर सोनं आणि खाली मऊ झालेलं पोलाद. असा रीमर हाडात गेला, की धार वळणार, आणि खालचं पोलाद दबलं की वरचा कठीण थर तडकणार. ग्राहकाला तो नग आणि आकडे दोन्ही पाठवले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पोलादाचा ग्रेड आणि टेम्परिंगचं तापमान चलानावर नसेल तर माल गेटच्या आत येत नाही. या हत्यारांसाठी आम्ही दोनशे अंशांच्या खालची वेगळी रेसिपी बसवली. तीत वेळ जास्त लागतो आणि थराची पकड मिळवायला धुलाई आणखी कडक ठेवावी लागते. पण पोलाद शाबूत राहतं.

आता धुलाई. बाहेरच्या माणसाला कोटिंग म्हणजे चेंबर वाटतो, आणि पाहुणे आले की आम्हीही तोच दाखवतो. जाड काचेतून आत निळसर-जांभळा उजेड दिसतो, टायटॅनियमच्या टार्गेटवर आर्क पळत असतो, जिगवर टांगलेली हत्यारं गोल गोल फिरत असतात. आधी पंप हवा काढून घेतो. मग आर्गनचे आयन हत्याराच्या पृष्ठभागावर आदळवून शेवटची साफसफाई होते. मग नायट्रोजन सोडायचा. टार्गेटवरून उडालेलं टायटॅनियम नायट्रोजनशी जुळून हत्यारावर बसतं. नायट्रोजन कमी पडला तर रंग फिकट चांदीकडे झुकतो, जास्त झाला तर तांबूस होतो. हे सगळं पडद्यावर आकड्यांत दिसतं आणि चांगला ऑपरेटर ते सांभाळतो. पण थर बसणार की सोलणार, हे माल चेंबरमध्ये जायच्या आधीच ठरलेलं असतं.

ते ठरवतात आमचे धुलाईचे काका. उमेदीची वर्षं त्यांनी प्लेटिंगमध्ये काढली आहेत. पंच धुणं सोपं. सरळ दांडा, सगळीकडून पाणी लागतं. आर्टरी फोर्सेप्सचा मात्र सांधा असा, की एक पातं दुसऱ्याच्या पोटातून जातं. त्या फटीत बफिंगचा साबण आणि तेल जाऊन बसतं. अल्ट्रासॉनिकच्या टाकीत घातलं तरी ते पूर्ण निघत नाही. चेंबरमध्ये हवा नाहीशी झाली आणि गरमी लागली, की ते तेल वाफ होऊन बाहेर येतं आणि सांध्याभोवतीचा थर जागच्या जागी बिघडवतं. काका प्रत्येक नग उघडझाप करत धुतात. क्षाराची टाकी, पाणी, पुन्हा अल्ट्रासॉनिक, पुन्हा पाणी, शेवटी डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) आणि गरम हवा. मधे एक साधी परीक्षा: नग पाण्यातून वर काढला की पाणी त्यावर सलग पसरलेलं दिसलं पाहिजे. कुठे फाटलं, थेंब जमले, तर तिथे तेल आहे. ही परीक्षा पुस्तकातही आहे, पण काकांना पुस्तकाची गरज पडलेली मी पाहिली नाही. नव्या हेल्परला ते एवढंच सांगतात, “पानी फुटलं की माल परत टाकायचा. मॅडमला विचारायचं बी न्हाई.”

धुतल्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही, हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. बोटाचा ठसा कोटिंगनंतर नकाशासारखा स्पष्ट उमटतो.

थर बसला की माझं काम सुरू. जाडी मोजायला कॅलो टेस्ट: छोटी पोलादी गोळी हिऱ्याच्या बारीक भुकटीत घोळवून फिरवायची, थरात बशीसारखा खोलगट खड्डा पडतो, मायक्रोस्कोपखाली त्याची वर्तुळं मोजून जाडी काढायची. चिकटून बसलाय का हे पाहायला रॉकवेलची टोकदार सुई दीडशे किलोच्या भाराने दाबायची आणि खळग्याच्या कडा न्याहाळायच्या. बारीक केसासारख्या भेगा चालतात. थर पापुद्रे होऊन उडाला तर लॉट बाद. दोन्ही चाचण्यांत नग कामातून जातो, म्हणून प्रत्येक बॅचबरोबर त्याच पोलादाचा एक बळीचा तुकडा चेंबरमध्ये जातो.

मला वाटे, एवढं सांभाळलं की झालं. पण परत येणाऱ्या मालाने आणखी एक गोष्ट शिकवली. थर गंजापासून वाचवेल, असं ग्राहक गृहीत धरतात. आर्कने चढवलेल्या थरात सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं असतातच. टायटॅनियम नायट्राइड स्वतः गंजत नाही; पण छिद्रातून खारं पाणी खालच्या पोलादापर्यंत पोचलं, की गंज तिथूनच वर येतो. सोनेरी पृष्ठभागावरचा तपकिरी ठिपका साध्या स्टीलवरच्या ठिपक्यापेक्षा जास्त उठून दिसतो, एवढाच फरक. म्हणजे गंजाविरुद्धची खरी राखण पोलादाचीच. स्टेनलेसच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडची काही नॅनोमीटरची साय असते. ती आपोआप धरते. पण घासताना, बफिंग करताना साध्या लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतले असतील तर ती धड धरत नाही. ते कण खाऊन टाकायला हत्यार नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लात बुडवतात. याला पॅसिव्हेशन म्हणतात. ४२० सारख्या जास्त कार्बनच्या पोलादाला नुसतं नायट्रिक कधीकधी काळं पाडतं, म्हणून पूर्वी त्यात सोडियम डायक्रोमेट घालत. डायक्रोमेट म्हणजे सहा संयुजेचं क्रोमियम, म्हणजे कर्करोगाला आमंत्रण; आणि ते पाणी शेवटी जाणार कुठे? भोसरी-चिखलीकडचे नाले इंद्रायणीला मिळतात, आणि आळंदीच्या घाटावर पाण्यावर तरंगणारा पांढरा फेस वर्तमानपत्रात वरचेवर छापून येतो. आमच्या मालकांनी सायट्रिक पत्करलं. ते महाग पडतं, त्याला तापमान आणि वेळ काटेकोर सांभाळावा लागतो, पण काकांच्या हाताला आणि नदीला ते सोसतं.

पॅसिव्हेशन नीट झालं का, हे बघायची जुनी युक्ती मोरचुदाची आहे. तांब्याच्या सल्फेटचं आम्लयुक्त द्रावण सहा मिनिटं पृष्ठभागावर ओलं ठेवायचं. मोकळं लोखंड असेल तिथे तांबं चढतं आणि तांबूस डाग दिसतो. दुसरी युक्ती उकळण्याची: हत्यार डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळून त्याच पाण्यात थंड होऊ द्यायचं आणि वाळल्यावर भिंगाखाली धरायचं. एकदा एका लॉटमध्ये उकळल्यावर गंज दिसला तो फक्त अक्षरांवर, कंपनीचं नाव आणि नंबर लेझरने कोरला होता तिथे. बाकी अंग स्वच्छ. लेझरच्या उष्णतेने ती साय जळते आणि खालचं क्रोमियमही इकडेतिकडे होतं. मार्किंग पॅसिव्हेशननंतर केलं होतं. क्रम उलटा हवा होता. ग्राहकाने क्रम बदलला आणि तक्रार संपली. पैसा एकही जास्त लागला नाही.

आता रावेतची गोष्ट. रावेत पवनेच्या काठावर आहे. इथल्या बंधाऱ्यातून महापालिका पाणी उचलते, निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करते आणि शहराला पाजते. पण नोव्हेंबर २०१९ पासून शहरात पाणी दिवसाआड येतं, आणि इथले टॉवर वाढतात त्या वेगाने पाणी वाढत नाही. म्हणून बंधाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या सोसायट्याही बोअर आणि टँकरवर चालतात. आमच्या नळांच्या तोट्यांवर पांढरा खर बसलेला असतो. बेसाल्टातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं, हे त्या तोटीकडे बघूनच कळतं.

याच भागातल्या एका छोट्या हाडांच्या इस्पितळाने त्यांच्या पुरवठादारामार्फत तक्रार पाठवली: तुमची कोटिंगची हत्यारं सहा महिन्यांत डागाळली. मी घरी जाता जाता तिथे थांबले. पुरवठादाराचा माणूस आधीच येऊन बसला होता आणि सगळा दोष आमच्यावर टाकून मोकळा झाला होता. ओटीच्या सिस्टरांनी ट्रे काढून दाखवला. मी पर्समधून खोडरबर काढला. त्या हसल्या. डाग खोडरबराने घासून बघणं ही या धंद्यातली जुनी रीत आहे: डाग निघाला आणि खाली धातू गुळगुळीत असला, तर तो पाण्याचा किंवा साबणाचा, निघाला पण खाली खड्डा राहिला, तर तो गंज. बरेचसे डाग निघाले. काही चिमट्यांच्या सांध्याशी मात्र खड्डे होते.

मी विचारलं, “सिस्टर, केस झाल्यावर हत्यारं कशात टाकता?”

“हायपोमध्ये. कोविडपासून तसंच चाललंय. तेव्हा सगळंच हायपोत टाकायचो.”

“किती वेळ?”

“पुढची केस लागली की राहतातच.”

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचचंच भावंड. फरशीला उत्तम, स्टेनलेसला विष. क्लोरीन आणि क्लोराइड ती साय फोडतात आणि जिथे फुटली तिथे खोल टोकरतात. सलाइनमध्येही मीठ असतं, रक्तातही असतं. हत्यारावर ते वाळू दिलं की तोच परिणाम, जरा सावकाश. त्यानंतर धुणं नळाच्या पाण्याने, म्हणजे टँकरच्या. ते पाणी अंगावर घेऊनच हत्यार ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांवर जातं. पाणी उडून जातं, क्षार उरतो. सिस्टर हुशार होत्या. म्हणाल्या, “म्हणजे आमच्या बाथरूमच्या तोटीवर बसतं तेच ना?” मी म्हटलं, “तेच.”

तिथल्या डॉक्टरांना मी तीन गोष्टी लिहून दिल्या. हत्यारं केस संपताच ओली ठेवून लगेच एन्झाइमच्या द्रावणात घाला, हायपोत नको. सांधे उघडे ठेवून धुवा. शेवटचं पाणी आरओचं किंवा डीएमचं वापरा आणि कोरडी करूनच ऑटोक्लेव्हला लावा. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, तुमच्या कोटिंगची चौकशी करायला बोलावलं आणि तुम्ही आम्हालाच धुलाई शिकवताय.” पण त्यांनी ऐकलं. पुढच्या वेळी गेले तेव्हा धुण्याच्या ओट्याशेजारी आरओचा नळ होता आणि हायपोचा टब फरशीपुरता राहिला होता. खड्डे पडलेल्या चिमट्या बाद कराव्या लागल्या; गेलेलं पोलाद कुठलाही थर परत आणत नाही.

या कामाची बातमी सोसायटीत कशी पोचली कोण जाणे, पण एके संध्याकाळी आमच्याच विंगमधल्या एक काकू इस्पितळाचं रंगीत माहितीपत्रक घेऊन आल्या. दोन्ही गुडघे गेलेले, ऑपरेशन ठरलेलं. पत्रकावर सोनेरी गुडघ्याचा फोटो. “अगं, तू हेच करतेस ना? हा गोल्डन गुडघा तीस-चाळीस वर्षं टिकतो म्हणतात. पॅकेज बरंच जास्त आहे. घेऊ का?”

मी आधीच सांगितलं, की आम्ही रोपणं करत नाही, हत्यारं करतो, आणि निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा. पण थराबद्दल मला जे कळतं ते सांगणं माझं काम होतं. नेहमीच्या गुडघ्यात मांडीच्या हाडाकडची वाटी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची असते, नडगीत धातूचं तबक बसतं आणि मधे पॉलिथिलीनची गादी. ‘सोनेरी’ म्हणजे धातूच्या भागांवर टायटॅनियम नायट्राइडचा किंवा त्यात नायोबियम मिसळलेला काही मायक्रॉनचा थर. त्याचा एक खरा उपयोग आहे: मिश्रधातूत थोडं निकेल असतं, कोबाल्ट-क्रोमियम असतंच, आणि ज्यांना या धातूंची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी हा थर मधली भिंत होतो. काकूंना खोट्या दागिन्यांनी कधी पुरळ आली होती का, विचारलं. नाही. मग टिकाऊपणाचं. गुडघा पुन्हा उघडावा लागतो तो बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने, सांधा हाडातून ढिला झाल्याने किंवा गादी झिजल्याने. गादीवर सोनं नसतं. साध्या गुडघ्यांचाच हिशेब घ्यायचा तर २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सांधेरोपणांच्या राष्ट्रीय नोंदींचा अभ्यास आला होता; त्यानुसार शंभरातले सुमारे ब्याऐंशी गुडघे पंचवीस वर्षं टिकतात. सोनेरी गुडघ्याने चाळीस वर्षं काढल्याचा तसा हिशेब मांडायला तो थर तेवढा जुना तर हवा.

किमतीचंही सांगितलं. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्यांच्या किमतींना मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या खास धातूच्या गुडघ्याला ७६,६०० रुपये, कर वेगळा, अशी वर्गवारी केली. त्यातलं झिर्कोनियम ही मला या धंद्यातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. तिथे वरून थर चढवतच नाहीत. झिर्कोनियमचा मिश्रधातू हवेत तापवतात आणि त्याच्याच पृष्ठभागाचं सुमारे पाच मायक्रॉन सिरॅमिक होतं. आतून उगवलेलं असल्यामुळे ते वरून लावलेल्या थरासारखं सहज सुटत नाही. काकूंना मी म्हटलं, “पॅकेज विचारताना रंग विचारू नका. रोपणाचं नाव, धातू, आणि बिलात त्याची किंमत वेगळी दाखवणार का, हे विचारा.” पुण्याला या विषयाचा वारसा आहे, हेही सांगितलं, डॉ. के. एच. संचेतींनी भारतीय माणसाच्या बांध्याचा विचार करून ‘इंडस’ गुडघा तयार करवला तो इथेच.

त्यांना सांगता सांगता माझ्याही डोक्यात एक गोष्ट नीट बसली. हत्यार आणि रोपण यांच्या पृष्ठभागाकडून अपेक्षा अगदी उलट्या. हत्याराला काही चिकटता कामा नये: रक्त नाही, हाडाचा चुरा नाही. खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या दांड्याला मात्र हाड चिकटलंच पाहिजे. स्वीडनचे संशोधक ब्रॉनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी निघता निघेना, आणि हाड टायटॅनियमला घट्ट धरतं हे कळलं. १९८५ मध्ये लंडनचे अस्थिशल्यविशारद रोनल्ड फर्लाँग यांनी हायड्रॉक्सीॲपेटाइटचा थर दिलेला खुबा माणसात बसवला. हायड्रॉक्सीॲपेटाइट म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट, आपल्या हाडातलंच खनिज. त्याची भुकटी प्लाझ्माच्या झोतातून फवारतात. झोताचं तापमान हजारो अंश, पण भुकटी त्यात क्षणभरच राहते. जास्त राहिली तर खनिजाची घडी मोडते आणि शरीरात तो थर लवकर विरघळतो. थर पन्नास ते दीडशे मायक्रॉनचा, म्हणजे आमच्यापेक्षा कितीतरी जाड, मुद्दाम खडबडीत. मी तो एका प्रशिक्षणात भिंगाखाली पाहिला, तेव्हा पहिल्यांदा रिजेक्शनच वाटला.

आणि टायटॅनियमच्या स्क्रूवरचे निळे, जांभळे, हिरवे रंग? तो रंगच नाही. विजेच्या दाबाने ऑक्साइडची जाडी वाढवतात आणि जाडीप्रमाणे उजेड वेगळा परततो. तीसेक व्होल्टला निळा, त्याहून वर गेलं की पिवळा, मग गुलाबी-जांभळा, मग हिरवा. ओटीत घाईच्या वेळी मापं ओळखायला हे रंग कामी येतात.

काकूंनी साधा गुडघा घेतला. आता सकाळी बीआरटीच्या रस्त्याकडेने चालतात. तो किती वर्षं टिकेल हे मी सांगू शकत नाही, आणि पत्रकवालाही सांगू शकत नाही.

एवढ्या वर्षांत माझं मत पक्कं झालं आहे. थर चांगला असतोच. पण तो खालच्या पोलादाचा दोष झाकत नाही, वाईट पाणी पचवत नाही आणि घाईची धुलाई माफ करत नाही. या पट्ट्यात कोट्यवधींची चेंबर आली आहेत, अजून येतील. त्यांच्याशेजारच्या धुलाईच्या लाइनवर मात्र आजही सगळ्यात कमी पगाराचा माणूस उभा असतो, आणि इस्पितळातही हत्यारं धुणारी मावशी शेवटच्या पायरीवरच असते. कारखानदारांनी आणि डॉक्टरांनी हा क्रम बदलावा. धुणाऱ्याला शिकवा, त्याला चांगलं पाणी द्या आणि त्याचा ‘माल परत टाकायचा’ हा शब्द शेवटचा माना.

आणि वाचकांसाठी एक. तुमच्या घरात कुणाच्या अंगात रोपण बसलं असेल, तर डिस्चार्जच्या कागदांत त्याचा स्टिकर असतो. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर छापलेला असतो. नसेल तर मागून घ्या. आणि तो आधार कार्डाइतकाच जपून ठेवा; उद्या काही बिघडलं, तर त्या रोपणाचा माग काढायला दुसरा पुरावा नसतो.